दोन माणसांचा रंधा

आमची आत्या भंगाराच्या दुकानात शिरली की दुकानदार हातातलं काम टाकून उभा राहतो. आदराने नव्हे, धास्तीने. कारण ती येऊन गेली की ढिगाच्या तळाचं लोखंड वर आलेलं असतं आणि वरचं रस्त्यात पसरलेलं असतं. "बाई, तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगा, मी काढून देतो," असं तो दर वेळी म्हणतो. "दिसल्यावर सांगते," असं ती दर वेळी म्हणते आणि बाह्या सरसावून ढिगाशी बसते. सायकलींच्या साखळ्या, मोडक्या बिजागऱ्या, पंख्यांची पाती, गंजून एकमेकांना चिकटलेल्या कड्या, या सगळ्यातून तिचा हात एखाद्या जुन्या पटाशीवर नेमका जाऊन पडतो. मग ती पटाशी दोन बोटांत लोंबती धरून तिला नखाने टिचकी मारते आणि कान लावते. पोलाद चांगलं असेल तर आवाज लांबतो. नसेल तर ती तोंड वाकडं करून पटाशी परत ढिगात टाकते, आणि टाकते तीही अशी, की दुकानदाराला स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटतं.

तिची सगळी नोकरी शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात गेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती आमच्या मागच्या खोलीत राहायला आली आणि येताना कपड्यांची एक पेटी व हत्यारांच्या चार पेट्या घेऊन आली. तेव्हापासून आमच्या घरात रॉकेलचा वास आहे. खिडकीखाली तिचं बाक, बाकाखाली डबे, डब्यांत रॉकेलमध्ये बुडवलेल्या करवती, कानशी, रंध्यांची पाती. मी लहानपणी मैत्रिणींना घरी बोलवायचे नाही, ते याच कारणाने. आत्याला त्याचं काही वाटायचं नाही. "वास येतो म्हणजे काम चाललंय," एवढंच ती म्हणायची.

तिची पद्धत फार सावकाशीची आहे. बघणाऱ्याला जांभया येतात. गंज ती खरवडत नाही, भिजत ठेवते, मग चिंधीने पुसते, परत भिजत ठेवते. मूठ फुटली असेल तर तेवढाच तुकडा काढून तिथे त्याच जातीच्या लाकडाचा नवा तुकडा बसवते. नवी मूठ घातली तर काम निम्म्या वेळात होईल असं मी एकदा सुचवलं, तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी एखाद्याची आजी बदलून आणायला सांगत होते. आणि दुरुस्त झालेलं हत्यार ती देते फक्त ते वापरणाऱ्याला. एकदा एक हॉटेलवाला आला होता. त्याला हॉटेलच्या भिंतीवर शोभेसाठी जुन्या करवती हव्या होत्या, मागेल ती किंमत द्यायला तयार होता. आत्याने त्याला चहा पाजला, हॉटेल कुठे आहे, किती माणसं येतात, सगळी चौकशी केली आणि शेवटी म्हणाली, "भिंतीला टांगायला घड्याळ घ्या. निदान वेळ तरी कळेल."

हे ती ज्या खोलीत बोलली, तिच्या शेजारच्याच खोलीत, माझ्या बाबांच्या पलंगासमोर, भिंतीला एक रंधा टांगलेला होता. त्याबद्दल मात्र तिने कधी चकार शब्द काढला नव्हता.

तो रंधा आजोबांचा. हातभर लांबीचा नव्हे, उभा धरला तर माणसाच्या छातीला लागेल इतका लांब, दारांच्या चौकटी आणि मोठ्या फळ्या सरळ करायचा. असला रंधा एकट्याने चालत नाही. मागचा माणूस मूठ धरून ढकलतो, आणि त्याच्या लाकडी अंगाच्या, म्हणजे ठोकळ्याच्या, पुढच्या टोकाला आडवी खुंटी असते, तिला दोरी बांधून दुसरा माणूस समोरून ओढतो. मागचा तो कारागीर. कुठे दाबायचं, कुठे हात हलका सोडायचा, ते तो ठरवतो. पुढच्याने फक्त ओढायचं. आजोबांच्या दुकानात मागे बाबा असायचे आणि पुढे काका. बाबा थोरले होते, एवढंच त्याचं कारण. काकांना मिसरूड फुटून ती मिशी पांढरी व्हायची वेळ आली तरी ते दोरीलाच होते.

आजोबा गेल्यावर काका म्हणाले, "आता मी मागे धरणार."

बाबा म्हणाले, "आधी पातं बसवायला शीक."

भांडण एवढंच. पण आमच्या घराण्यात रागाला मुळीच तोटा नाही, तो मलाही भरपूर मिळालाय. दोघांनी वाटणी मागितली. शेजारपाजारची चार म्हातारी माणसं मध्यस्थीला बसली, आणि आत्या त्यांना चहा देत होती. तिला कोणी विचारलं नाही की तुला काय हवं. कानशी वाटल्या, हातोडे वाटले, दुकानाच्या दाराची एक फळी इकडे आणि एक तिकडे झाली. शेवटी रंधा उरला. बाबांनी ठोकळा दोन्ही हातांनी धरला. काकांनी हातोडी उचलली, ठोकळ्यावर मागून दोन ठोके मारून पातं धरून ठेवणारी पाचर सैल केली, पातं उपसलं आणि खिशात घातलं. मध्यस्थांना वाटलं, आता कोणीतरी हसेल आणि प्रकरण मिटेल. कोणी हसलं नाही. ठोकळा थोरल्याकडे आणि पातं धाकट्याकडे, अशी ती वाटणी कायम झाली, आणि दोघं भाऊ दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून एकमेकांशी बोलायचे थांबले.

बाबांनी त्या ठोकळ्यात दुसरं पातं कधी घातलं नाही. भिंतीला खिळा मारला आणि टांगला. आत्या मात्र आमच्याकडे राहूनही काकांकडे जात राहिली, आणि त्यामुळे दोन्ही घरी फितूर ठरली. तिकडून परत आली की बाबा विचारायचे, "काय म्हणतंय तुझं माहेर?" आणि तिकडे गेली की काकासुद्धा अगदी हेच विचारायचे. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण टोमणा दोघांचा एकच होता.

मग बाबांच्या छातीने दगा दिला. आयुष्यभराचा लाकडाचा भुसा आत साचलेला. डॉक्टर म्हणाले, आता जे आहे ते सांभाळायचं, वाढायचं काही नाही. बाबा आधी जिना चढायचे थांबले, मग अंगणात जायचे थांबले, मग पलंगावर उशांना टेकून बसायला लागले. समोर रंधा. दिवसभर त्याच्याकडे बघत. मला त्या ठोकळ्याचा राग यायचा. एका दुपारी आत्या त्यांना औषध द्यायला गेली, तेव्हा मी दारातच होते.

बाबा म्हणाले, "सगळ्या गावाची हत्यारं नीट करतेस. हे राहिलं."

"तू काढू दिलंस का कधी?"

"आता काढ." मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "एकदा चालवायचा आहे. मला उभं राहता येतंय तोवर."

आत्याने स्टूल आणलं, वर चढली, रंधा काढला आणि तान्हं मूल घ्यावं तसा दोन्ही हातांवर घेऊन मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले तर ती बाकापाशी रडत होती. मी आत्याला रडताना फारसं पाहिलेलं नाही, त्यामुळे मला काय करावं सुचेना. "पाणी आणू का?" मी विचारलं. "रॉकेल आण," ती म्हणाली.

इतकी वर्षं नुसतं टांगून ठेवल्यामुळे ठोकळ्याचे हाल झाले होते. लाकूड सुकून पिळवटलं होतं. तिने त्याच्या दोन्ही टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या आणि मला डोळा लावून बघायला सांगितलं. एक पट्टी एकीकडे कललेली, दुसरी दुसरीकडे. कडेला किड्याने टाचणीएवढी भोकं केली होती आणि पातं जिथून बाहेर डोकावतं त्या तोंडापाशी चीर गेली होती. "वापरला असता तर हे झालं नसतं," ती पुटपुटली. "तेल मिळालं असतं, हात फिरला असता." तिने तळ दुसऱ्या रंध्याने अगदी पापुद्रा पापुद्रा काढत सरळ केला, चिरेवर लाकडाचा आडवा टाका बसवला, भोकांत मेण भरलं, जवसाचं तेल मुरवलं. घाई होती, आणि घाई करणं तिला जमत नाही. बाबांच्या खोलीतून खोकला ऐकू आला की तिचा हात थांबायचा आणि पुन्हा चालू लागायचा.

ठोकळा झाला. आता पातं. तिच्या पेट्यांत जुनी पाती ढिगाने होती. मी म्हटलं, "यातलं एक घाल ना. कोणाला कळणार आहे?"

"दादाला कळेल."

"त्यांना आता धड दिसतसुद्धा नाही."

"हातांना कळेल," ती म्हणाली. मग त्यातलंच एक पातं पुसता पुसता खाली बघत म्हणाली, "आणि पातं कोणतंही घालेन गं. पुढची दोरी कोण धरणार? तू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला पातं नको होतं, काका हवे होते. बाबा उभे राहू शकताहेत तोवर दोघं भाऊ त्या रंध्याच्या दोन टोकांना उभे राहिले पाहिजेत, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि ते नाही झालं तर तिने आजवर दुरुस्त केलेली सगळी हत्यारं तिच्या लेखी मातीमोल होती. हे ती बोलली नाही, पण मला दिसत होतं, आणि मला तिची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी काकांच्या कारखान्यात गेलो. आता तिथे सगळी यंत्रं आहेत, फळी एका बाजूने घातली की दुसऱ्या बाजूने गुळगुळीत होऊन येते. त्या आवाजात कोणालाही काहीही ओरडूनच सांगावं लागतं. आत्याने ओरडून सांगितलं, दादाला तो रंधा एकदा चालवायचा आहे, पातं दे आणि तूही ये. काकांनी यंत्र बंद केलं. आता सगळं शांत झालं होतं, आणि त्या शांततेत त्यांनी सरळ कानावर हात ठेवले.

"पातं नाहीये माझ्याकडे. झिजलं, टाकून दिलं."

"कधी?"

"आठवत नाही."

"धाकट्या, तू खोटं बोललास की तुझा कान लाल होतो. लहानपणापासून."

काकांचा हात कानाकडे गेलाच. मी हसू दाबलं. काका मात्र हसले नाहीत. ते आतल्या कपाटाकडे गेले आणि एक फडक्याची पुरचुंडी घेऊन आले. उघडायला त्यांचं मन होईना, म्हणून आत्यानेच उघडली.

पात्याचा बुटका तुकडा होता तो. मूळचं पातं हाताच्या पंज्याएवढं लांब, हे अंगठ्याएवढंही नव्हतं. काकांनी नवा ठोकळा करून त्यात हे पातं घातलं होतं, आणि यंत्रं येईपर्यंत रोज चालवलं होतं. रोज चालवलं म्हणजे रोज धार लावली, आणि धार लावली म्हणजे रोज थोडं थोडं संपवलं.

"बघितलंस?" काका म्हणाले. आवाज चढला होता, पण तो राग नव्हता. "त्याने त्याचा हिस्सा जपून ठेवला. देवासारखा भिंतीला लावला. मी माझा खाऊन टाकला. हे घेऊन त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने येऊ?"

आत्याने तुकडा उजेडात धरला. जुन्या पात्यांत सगळं पोलाद नसतं. अंग मऊ लोखंडाचं असतं आणि पुढे धारेच्या बाजूला पोलादाची पट्टी बसवलेली असते. ती पट्टी संपली की पातं संपलं, मऊ लोखंड धार धरत नाही. आत्याने नखाने रेघ दाखवली. पोलाद उरलं होतं, पण नखाच्या चंद्राएवढं.

"एक धार निघेल," ती म्हणाली. "एकच. त्यानंतर नाही."

काका खाली बसले.

"दादा ठोकळा जपत नव्हता," आत्या म्हणाली. "वाळवत होता. किड्यांनी खाल्लाय. ये आणि डोळ्यांनी बघ. आणि लवकर ये, रे. त्याचं पण फार उरलं नाहीये."

काका येतो म्हणाले नाहीत, नाही येत असंही म्हणाले नाहीत. आत्याने पुरचुंडी घेतली आणि आम्ही निघालो.

तुकडा इतका आखूड होता की पाचरीखाली तो पकडतच नव्हता. त्याला मागे शेपूट जोडायला हवं होतं, आणि भट्टीत घालता येत नव्हतं, कारण आच लागली असती तर पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं असतं आणि ती शेवटची धारही गेली असती. आत्याने दुसऱ्या एका पात्याचं मागचं अंग कापून घेतलं. दोन्ही तुकड्यांची अर्धी अर्धी जाडी कानशीने घासून काढली, एकावर एक बसवले, हाताच्या गिरमिटाने भोकं पाडली आणि थंड लोखंडातच खिळे ठोकून पक्के केले. मग धार. धारेच्या दगडावर पाणी टाकून ती पातं फिरवायला लागली, तेव्हा मी खोलीबाहेर गेले. मला ते बघवेना. दोन वेळा जास्त घासलं गेलं असतं तर सगळं संपलं असतं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या मनगटावरचे केस एका ठिकाणी साफ निघालेले होते, तिने धार तिथे पारखली होती.

बाबांच्या खोलीतच दोन स्टुलांवर फळी मांडली. काकांना निरोप गेला. सकाळ सरली, जेवणं झाली, काकांचा पत्ता नाही. बाबा उशांवर टेकून बसले होते, नेहमीपेक्षा स्वच्छ शर्ट घालून. आत्या सारखी फळीवरून हात फिरवत होती. मी काकांना मनातल्या मनात शिव्या देत होते, आणि त्यांतल्या काही मोठ्याने देण्याच्या बेतात होते, तेवढ्यात दारात काका दिसले.

त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याशीच उभे राहिले. एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य कोणी बोलायचं, हा प्रश्न होता. बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं, काकांसाठी. पण तो पात्यासाठी होता. आत्याने पातं बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवलं. बाबांनी अंगठा पात्यावरून फिरवला, मागून पुढे. जोडाशी थांबले. मग तो उरलेला तुकडा चाचपला, पुन्हा पुन्हा.

"झिजवलंस," ते म्हणाले.

काकांनी मान खाली घातली. "काम होतं, दादा."

"होतं तर." बाबांना दम लागला. मग म्हणाले, "माझा ठोकळा किड्यांनी खाल्ला."

बस, एवढंच बोलणं झालं. बाबांनी पातं स्वतः बसवलं. हातोडीचे हलके ठोके मारून, ठोकळा उलटा करून, तोंडातून केसभर धार बाहेर येईपर्यंत त्यांनी ते बसवलं, आणि तेवढ्यानेच त्यांच्या कपाळावर घाम आला. काका त्यांच्या सवयीच्या जागी जाऊन उभे राहिले, फळीच्या पुढच्या टोकाला, दोरी हातात घेऊन. सांगावं लागलं नाही. बाबांनी मूठ धरली आणि ढकललं.

रंधा वीतभर सरकला आणि थांबला. बाबांनी पुन्हा जोर लावला. हलला नाही. मग खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. आत्या त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता. सगळं जुळून आलं होतं, ठोकळा, पातं, भाऊ, आणि नेमका श्वास अपुरा पडला होता. काका दोरी धरून जमिनीकडे बघत होते. त्यांनी एकट्याने ओढला असता तर रंधा सहज आला असता. मागून दादाचा जोर नसताना त्यांनी ओढला नाही.

खोकला ओसरल्यावर बाबा सरळ झाले. त्यांनी मूठ सोडली. फळीच्या कडेला धरून, एकेक पाऊल टाकत, ते पुढच्या टोकाला गेले आणि त्यांनी काकांच्या हातातली दोरी घेतली.

"जा," ते म्हणाले. "मागे धर."

"दादा, राहू दे."

"जा म्हणतो ना. धार एकदाच आहे."

काका मागे आले. मी त्यांना आयुष्यात कशाला घाबरताना पाहिलेलं नाही, पण त्या मुठीला हात लावताना ते घाबरले होते. त्यांनी पाय मागेपुढे रोवले आणि ढकललं. रंधा निघाला. तोंडातून पातळ, अखंड ढलपी वर येत गेली आणि वळत वळत काकांच्या हातांवर पडली. बाबा दोरी धरून एकेक पाऊल मागे सरकत होते. रंधा मागे घेऊन दुसरा हात मारला, तिसरा मारला. चौथ्याला आवाज खरखरला, ढलपी तुटली आणि भुसा पडला. धार गेली होती.

काकांनी रंधा थांबवला. मग मी पाहिलं आणि आत्यानेही पाहिलं, की दोघांच्या मधली दोरी पार सैल होती, मध्ये झोळ पडला होता. ती पहिल्यापासून तशीच असणार. काकांनी सगळा भार एकट्याने नेला होता, आणि तो इतक्या हळू, की बाबांना मागे सरकायला वेळ मिळावा. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं, म्हणजे मी काही बोलू नये.

बाबांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं.

"ओढायला कोणी लागतच नव्हतं तुला," ते म्हणाले. "तेव्हाही लागलं नसतं."

काकांनी मुठीवरचे हात काढले नाहीत. "लागत होतं, दादा," ते म्हणाले. "तू आता बस. दमलास."

बाबा बसले नाहीत. दोरी हाताला गुंडाळून, ती ताणली जाईपर्यंत एक पाऊल मागे गेले आणि म्हणाले, "अजून एकदा."

धार नव्हती. तरी काकांनी ढकललं.